आइसमेकर बदलण्याआधी पाण्याचा जोर मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदुरात चार मजली इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर घर, दोन दारांचा मोठा फ्रीज, पाण्याचा पाइप भिंतीवरच्या आरओच्या टाकीला जोडलेला. आधी बर्फ बारीक आणि पोकळ यायला लागला, आठवड्यापासून अजिबात येत नाही. फ्रीजच्या दारातून पाणी येतं, पण धार बारीक. मेकॅनिक म्हणतो, अख्खा आइसमेकर, म्हणजे फ्रीजरमधलं बर्फ बनवणारं युनिट, बदला.

अजून पैसे देऊ नका. मी इंदुरातच फ्रीज-एसीचं काम करतो, आणि तुम्ही लिहिलेली लक्षणं आइसमेकर मेल्याची नाहीत, उपाशी असल्याची आहेत.

पोकळ बर्फ म्हणजे साच्यात पाणी कमी पडतंय. बऱ्याच आइसमेकरमध्ये फ्रीजच्या मागचा पाण्याचा व्हॉल्व्ह साताठ सेकंदच उघडतो, आणि तेवढ्यात शंभर-सव्वाशे मिली पाणी आत पडायला हवं. व्हॉल्व्हला पाणी दिसत नाही, त्याला फक्त वेळ कळते. धार बारीक असली की साचा अर्धाच भरतो आणि बर्फाचं नुसतं टरफल तयार होतं.

हे फ्रीज ज्या देशांसाठी आखले गेले तिथे नळाला थेट जोर असतो. आपल्याकडे नर्मदा १९७८ साली आली खरी, पण नर्मदाकाठच्या जलूदहून चढवून आणलेलं ते पाणी घरात सरळ फ्रीजला जात नाही. खालच्या हौदात पडतं, मोटरने गच्चीवरच्या टंकीत चढतं आणि तिथून आपल्या वजनाने खाली येतं. हिशोब सोपा आहे: पाण्याची १० मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलोचा जोर. फ्रीजच्या पुस्तिकेत बहुधा कमीत कमी १.४ किलो, म्हणजे २० पीएसआय, मागितलेला असतो. त्यासाठी टंकी फ्रीजपासून १४ मीटर वर हवी. तुमच्या मजल्यावर ती चार-पाच मीटरवर असेल, म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. त्याच इमारतीत तळमजल्यावर हाच फ्रीज कदाचित तक्रार न करता चालेल.

त्यातही तुमचा पाइप आरओच्या टाकीला जोडलाय. घरगुती आरओच्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी स्वतःच्या उंचीनेच खाली उतरतं, त्याला दाब जवळजवळ नसतोच. फ्रीज बसवणाऱ्याने चांगल्या हेतूनेच तिथून लाइन घेतली असणार, शुद्ध पाण्याचा बर्फ व्हावा म्हणून. पण आइसमेकरला ते पुरत नाही.

आता बर्फ पूर्ण बंद का झाला? हे नीट समजून घ्या, कारण तिथेच लोकांचे पैसे वाया जातात. तो व्हॉल्व्ह उघडतो विजेने, पण घट्ट मिटतो पाण्याच्या दाबाने. मागे जोर नसला तर आतला रबरी पडदा नीट बसत नाही आणि थेंब-थेंब गळत राहतो. ते थेंब फ्रीजरच्या वरच्या नळीत, जिथून पाणी साच्यात पडतं, तिथे गोठतात. काही आठवड्यांत नळीत बर्फाचं बूच बसतं. मग व्हॉल्व्ह उघडला तरी पाणी पुढे जात नाही. मेकॅनिक येतो, साचा कोरडा बघतो आणि युनिट बदलायला सांगतो. काम करताना नळी वितळते, नवं युनिट महिनाभर बर्फ देतं आणि पुन्हा तेच.

गेल्या चैत्रात माझ्या मावशीकडे, सुदामा नगरात, नेमकं हेच झालं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचं पन्हं करून ठेवलेलं, पंचवीस-तीस बायका येणार, आणि बर्फाचा डबा रिकामा. दोन महिन्यांपूर्वीच तिने नवा आइसमेकर बसवून घेतला होता. मी फ्रीजर उघडून टॉर्च मारला तर साच्याच्या मागच्या टोकाशी पांढऱ्या नळीच्या तोंडातून बोटाएवढी बर्फाची कांडी बाहेर आलेली. तिने डोकावून पाहिलं आणि तिचे डोळे भरले. म्हणाली, "अरे, मग त्या बिचाऱ्या मशीनला कशाला फेकलं मी?" त्या दिवशी बर्फ बाहेरून आणला, पण नव्या युनिटचे ते पैसे मला आजही सलतात.

म्हणून आधी मोजा. स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं घ्या, मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि दारातून पाणी सोडा. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त आलं तर जोर ठीक आहे. पाव लिटरच्या आसपासच अडकलं तर दोष पाण्यात आहे. मग फ्रीजचा फिल्टर काढून (काही मॉडेलमध्ये त्याच्या जागी सोबत आलेलं बूच बसवावं लागतं) पुन्हा मोजा. आकडा एकदम वाढला तर फिल्टर चोंदलाय. तो सहा महिन्यांनी बदलायचा असतो, आणि ज्या घरात उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळतं तिथे त्याआधीच भरतो. व्हॉल्व्हच्या तोंडाशी एक बारीक जाळीही असते, तिच्यावर क्षाराचा थर बसतो. नळ बंद करून ती जुन्या टूथब्रशने घासली तरी पुष्कळदा फरक पडतो.

नळी वितळवताना आधी फ्रीजचा प्लग काढा आणि पाण्याचा नळ बंद करा, दोन्ही. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, थंडीने प्लास्टिक कडक झालेलं असतं, ते तडकतं. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज (सुई नको) घेऊन कोमट पाणी हळूहळू नळीच्या तोंडावर सोडा, खाली फडकं धरा. दहा-पंधरा मिनिटांत कांडी सुटते. प्लग लावण्याआधी लादी कोरडी करा आणि पायात चप्पल असू द्या.

कायमचा इलाज म्हणजे फ्रीजच्या लाइनवर छोटा बूस्टर पंप, आरओमध्ये असतो त्याच जातीचा, २४ व्होल्टचा. सियागंजात किंवा आरओचं सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतो. त्याच्यासोबत प्रेशर स्विच घ्याच. दाब भरला की पंप आपोआप थांबायला हवा, नाहीतर तो रात्रंदिवस घुमतो आणि जोडांतून पाणी फुटतं. आरओची टाकी, मग पंप, मग फ्रीज, असा क्रम ठेवा. आरओचं पाणी तसंच वापरता येईल, फक्त त्याला जोर मिळेल. आरओची टाकी रिकामी असताना पंप कोरडा फिरू नये, म्हणून पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लो-प्रेशर स्विच लावायला सांगा. पण इतक्या कमी दाबाच्या टाकीला चालेल असाच निवडायला हवा. हे सगळं मिळून नव्या आइसमेकरपेक्षा पुष्कळ स्वस्तात होतं.

पंप लावूनही नळीत पुन्हा कांडी धरली तर व्हॉल्व्हचा पडदाच झिजलाय, व्हॉल्व्ह बदला. तोही युनिटपेक्षा स्वस्त असतो.

पाणी भरपूर असूनही बर्फ येत नसेल तर गोष्ट वेगळी. साच्यात बर्फ तयार होऊन पडत नसेल तर हीटर किंवा मोटर बघावी लागते, आणि तिथे युनिट बदलायचा सल्ला खरा असू शकतो. बर्फ होतोय पण फार सावकाश, तर फ्रीजरचं तापमान पाहा. ते उणे १८ हवं. मे महिन्यात स्वयंपाकघर तापलेलं आणि मागची जाळी धुळीने भरलेली असली की ते गाठत नाही. आणि हो, बर्फ साठल्यावर मशीन थांबवणारी तारेची दांडी वर अडकलेली नाही ना, किंवा दारावरचं बर्फाचं बटण बंद नाही ना, हेही बघून घ्या. लहान मुलं असलेल्या घरी मी सगळ्यात आधी तेच बघतो.

बर्फ मध्ये पांढरा दिसला तर घाबरू नका. पाणी बाहेरून आत गोठतं, विरघळलेली हवा आणि क्षार मध्ये ढकलले जातात, म्हणून मधला भाग धुरकट होतो.

पंप बसल्यावर दारातून पाच-सहा लिटर पाणी सोडून लाइनमधली हवा काढा. मग २४ तास थांबा, उगीच दर तासाला दार उघडून बघू नका. पहिल्या दोन-तीन खेपांचा बर्फ टाकून द्या. त्यानंतर दिवसाला साधारण सव्वा किलो बर्फ यायला हवा.

आज संध्याकाळी ते ३० सेकंदांचं माप घ्या, फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय, आणि दोन्ही आकडे इथेच लिहा. टॉर्च मारून नळीच्या तोंडात काय दिसतं तेही सांगा. तोपर्यंत त्या मेकॅनिकला थांबायला सांगा.