ऑटिझम असलेल्या व्यक्तींना छोटासा संदेश लिहायलाही इतका वेळ का लागतो?

दोन ओळींच्या उत्तराला अर्धा तास का लागतो, असे आपण विचारले आहे. सर्वांनाच लागतो असे नाही. काही जण अगदी थेट आणि झटपट लिहितात. मात्र अनेकांचा वेळ लिहिण्यापेक्षा समोरचा ते कसे वाचेल याचा अंदाज बांधण्यात जातो. नुसते ‘ठीक आहे’ लिहिले तर तुटक वाटेल का, पुढे पूर्णविराम दिला तर राग आल्यासारखे दिसेल का, हसरा इमोजी जोडला तर थट्टा वाटेल का, असे करत तोच मजकूर चार वेळा खोडला जातो आणि पाठवून झाल्यावरही पुन्हा उघडून वाचला जातो. सरळ बोलण्याला पूर्वी उद्धटपणा ठरवले गेल्याचा अनुभव बहुधा यामागे असतो. गैरसमज काही एकतर्फी नसतो. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले, की समजून घेण्यातली ही अडचण दुहेरी असते.

तरीही फोनपेक्षा लेखन अनेकांना सोयीचे वाटते, कारण तिथे उत्तर तत्काळ द्यावे लागत नाही. आपल्याला ते लवकर हवे असल्यास ‘जरा बोलायचे होते’ असे मोघम न लिहिता विषय आणि मुदत स्पष्ट लिहावी.