बॉलिंगचं पुस्तक चुकांनी भरलंय, फेकून देऊ की त्यातूनच शिकू?

फेकू नका भो. तुम्ही लिहिलंय की पारोळ्याला कोच नाही, पुस्तकात चित्र एक सांगतं न मजकूर दुसरंच, आणि लेफ्टी, म्हणजे डावखुरा बॅट्समन, बॅटिंगला आला की काय बदलायचं तेच नेमकं कळत नाही. आमच्या अमळनेरला असंच एक पुस्तक पोरांमध्ये बऱ्याच वर्षांपासून फिरतंय, त्यात 'आकृती १४ पाहा' लिहिलेलं आहे आणि आकृत्या ११ ला संपतात, एक पान दोनदा आलंय, आणि एका फोटोतल्या बॉलरच्या शर्टावरचा नंबर चक्क उलटा दिसतो. तरी त्यातून पोरं शिकली आहेत.

माझा अनुभव असा की अशा पुस्तकात 'असं का करायचं' ते बहुतेक वेळा बरोबर असतं, गडबड असते ती डाव्या-उजव्यात आणि आकड्यांत. लिहिणारा माणूस कधीतरी खेळलेला असतो, पण पानं लावणारा नसतो, त्याला फोटोतला माणूस पानाच्या आतल्या बाजूला बघणारा पाहिजे असतो म्हणून तो फोटो पलटी मारतो आणि उजवा बॉलर डावरा होऊन जातो. म्हणून फोटो दिसला की आधी शर्टावरची अक्षरं बघायची, ती उलटी असतील तर पूर्ण चित्र उलटं समजायचं.

स्विंगच्या, म्हणजे बॉल हवेत वळवायच्या पानावर तर बॉल हातात घेतल्याशिवाय बसूच नका. ग्रिपचं चित्र बॉलरच्या बाजूनं काढलंय का बॅट्समनच्या, हे तिथे लिहिलेलंच नसतं, सगळा घोळ तिथून सुरू होतो. तुमच्या बाजूनं बघा: राइटी बॅट्समन असेल तर स्लिप, म्हणजे कीपरच्या शेजारचा फिल्डर, तुमच्या डाव्या हाताला. आउटस्विंगला (राइटीपासून बाहेर जाणारा) शिवण स्लिपकडे तिरकी, चकचकीत बाजू उजवीकडे, खरखरीत डावीकडे, आणि बॉल खरखरीत बाजूकडे वळणार. इनस्विंगला (राइटीला आत येणारा) सगळं याच्या उलट, शिवण फाइन लेगकडे, म्हणजे कीपरच्या मागे दुसऱ्या बाजूला. हे नव्या आणि नीट चमकवलेल्या लेदर बॉलचं झालं, रिव्हर्स स्विंगचं प्रकरण सध्या सोडून द्या, त्याला जुना बॉल आणि चांगला वेग लागतो. टेनिस बॉलवर तर यातलं काही करायला जाऊच नका.

आता आकडे. आमच्या पुस्तकात खेळपट्टी '२२ मीटर' छापलेली आहे, खरं म्हणजे ती २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. आणि गुड लेंथ, म्हणजे चांगला टप्पा, 'स्टंपपासून सहा ते आठ फूट' दिली आहे, हे वाचून पोरगं महिनाभर यॉर्कर नाहीतर फुलटॉसच टाकत बसेल, कारण पॉपिंग क्रीझच (बॅट्समनच्या पुढची रेघ) स्टंपपासून चार फुटांवर असते. तिथे मीटर पाहिजे होतं. फास्ट बॉलरला सहा ते आठ मीटर, आपल्यासारख्या मध्यमगतीवाल्यानं त्यापेक्षा थोडं पुढे, बॅट्समनच्या जवळ टाकायचं. आपल्याकडे सिमेंटवर मॅट टाकून खेळतात, त्यावर बॉल जास्त उसळतो, त्यामुळे अजून थोडं पुढे टाकलं तरच स्टंपला लागतो नाहीतर वरून जातो. मॅटवर चुन्याची रेघ मारा आणि पावलं मोजून नाही, टेपनं मारा.

सगळ्यात कामाचं प्रकरण म्हणजे क्रीझवर जागा बदलायचं, आणि तेच सगळ्यात वाईट छापलंय. तिथे लिहिलंय की तुम्ही एक फूट सरकले की बॉल स्टंपवर एक फूट सरकतो. नाही भो, टप्पा तोच ठेवला तर एवढं होत नाही आणि होतं तेही विरुद्ध बाजूला. हिशोब करा: हातातून सुटल्यापासून टप्प्यापर्यंत साधारण १३ मीटर, टप्प्यापासून स्टंपपर्यंत सहा, म्हणजे तुम्ही ३० सेंटीमीटर डावीकडे सरकले तर बॉल स्टंपवर साधारण १४ सेंटीमीटर उजवीकडे जाणार. तीन स्टंप मिळून रुंदी जेमतेम २३ सेंटीमीटर! म्हणजे राइटीच्या ऑफ स्टंपवर (स्लिपकडचा) येणारा बॉल मिडलच्याही पुढे लेगकडे गेला, आणि तुम्ही मनगट, ग्रिप, रनअप कशालाच हात लावला नाही. म्हणून मी पोरांना सांगतो की आधी पाय बदला, हात नंतर, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला नाहीतर कशानं काय झालं ते कधीच कळणार नाही. मागचा पाय फक्त रिटर्न क्रीझला (बाजूची उभी रेघ) लागू देऊ नका, नो बॉल जाईल.

लेफ्टीचं तुमचं मुख्य होतं. तुम्ही उजव्या हातानं ओव्हर द विकेट, म्हणजे स्टंपच्या डावीकडून टाकता, बॉल तुमच्या डावीकडून उजवीकडे जातो, म्हणजे लेफ्टीपासून लांब. असा सरळ बॉल स्टंपला लागायचा तर टप्पा बहुतेक लेग स्टंपच्या बाहेर पडणार आणि तिथे टप्पा पडला की एलबीडब्ल्यू मिळतच नाही, मग पॅडवर कितीही लागो आणि तुम्ही कितीही ओरडा. यावर दोन उपाय. एक, ओव्हरच ठेवायचं आणि तुमचा राइटीला बाहेर जाणारा आउटस्विंग टाकायचा, तोच लेफ्टीला आत येतो, वेगळी ग्रिप शिकायची गरज नाही (पुस्तकात 'डावखुऱ्यासाठी चेंडू उलटा धरा' असेल तर त्यावर सरळ काट मारा, आत आणायचा असेल तर उलटा धरून चालणार नाही). दुसरा उपाय राउंड द विकेट, म्हणजे स्टंपच्या उजवीकडून टाकायचं, मग कोनच आत येणारा होतो, एलबीडब्ल्यू जिवंत राहते, आणि शिवण फाइन लेगकडे धरून टाकला, म्हणजे राइटीच्या फाइन लेगकडे, तर बॉल लेफ्टीला बाहेर निघतो. बाजू बदलताना अंपायरला आधी सांगा, न सांगता टाकला तर नो बॉल असतो. टाकून झाल्यावर पाय खेळपट्टीच्या मधल्या पट्ट्यात जाऊ देऊ नका, राउंडनं टाकताना हे पोरांचं हमखास होतं.

मी असतो तर राउंडनं सुरुवात केली असती. ओव्हरनं लेफ्टीला आत आणायचा तर स्विंग पाहिजे, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे मॅटवर बॉल लगेच खरबडून जातो, दोन-चार ओव्हरनंतर चमकच राहत नाही. कोनाला चमक लागत नाही.

आणि पुस्तकात पेन्सिलनं दुरुस्त्या करत जा, पेननं नको, तुमच्यानंतर दुसरा कोणी डावरा बॉलर ते वाचेल आणि त्याला सगळं परत उलटं करून घ्यावं लागेल.