लोह ओळखणारा फ्लुरोसंट प्रोब, म्हणजे लोह भेटलं की ज्याची चमक बदलते असा रेणू, एमएस्सीच्या प्रोजेक्टला घ्यावा का? सर म्हणतात, सोपा आहे.

सोपा आहे, म्हणून तर जो तो तोच घेतो.

मी धुळ्याकडचा. माझा प्रोब फ्लोराइडचा होता. कुमरिन या चमकणाऱ्या रंगाच्या ओएचवर सिलिल, म्हणजे सिलिकॉनचा गट बसवलेला. फ्लोराइडला सिलिकॉनची ओढ जबर. तो सिलिल तोडतो आणि कुमरिन निळं चमकतं. अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकात टीबीएएफ या फ्लोराइड क्षाराचा थेंब पडला की यूव्ही टॉर्चखाली कुपी अशी उजळायची, की शेजारच्या लॅबमधली पोरं बघायला यायची.

दिवाळीत तीच टॉर्च घेऊन मामाच्या गावी गेलो. लाइट गेलेली, खळ्यात अंधार, भोवती निम्मी गल्ली. बोअरच्या पाण्यात प्रोब टाकला. कुपी काळीच. मामाने विचारलं, "भाचा, हाई पानी पेवाले चांगलं शे का?" मी ऐटीत म्हटलं, "हो."

परत येऊन त्याच पाण्यात हाताने सोडियम फ्लोराइड घातलं, लिटरला 1.5 मिलिग्रॅम फ्लोराइड भरेल इतकं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा तेवढीच. रात्रभर ठेवलं, तरी काळीच! पाण्यात फ्लोराइडभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं, तो सिलिकॉनपर्यंत जाणार कसा? शिवाय लॅबमध्ये मी एक मिलिमोल घालायचो, म्हणजे लिटरला 19 मिलिग्रॅम. शेवटी फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडने मोजलं, मामाचं पाणी मर्यादेत निघालं. नशीब माझं.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "बोअर हा आपला विषय नाही." प्रबंधाच्या शीर्षकात 'पाण्यातील फ्लोराइड' हे शब्द त्यांनीच घातले होते.

तुझ्या लोहाचं म्हणशील तर फेरिक आयन स्वतःच 365 नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे यूव्ही टॉर्चचाच प्रकाश खातो. प्रोबला काही न करताही चमक कमी दिसते आणि आपण 'क्वेंचिंग', म्हणजे लोहाने प्रोबची चमक विझवली, म्हणून आलेख काढतो. आधी नुसत्या लोहक्षाराचा शोषण वर्णपट घे. फेरिक उदासीन पाण्यात गाळ होऊन बसतं, म्हणून साठ्याचं द्रावण आम्लात करतात. मग चमक लोहाने गेली की पीएचने, हे पीएच स्थिर ठेवणारं बफर नसेल तर कळत नाही. तांबंही चमक विझवतंच. विझणाऱ्यापेक्षा पेटणारा प्रोब घे, आणि पहिल्याच आठवड्यात नळाच्या पाण्यात टाकून बघ. सर रागावले तर रागावू दे.

सगळेच प्रोब असे नसतात, हेही खरं. पेशीतलं कॅल्शियम मोजणारा फ्युरा-2 1985 सालचा, अजून वापरात आहे. आणि मिश्रणातून पदार्थ वेगळे करणारा कॉलम लावायला मला सरांनीच शिकवलं, नोकरी त्यावरच लागली. पण ते शीर्षक मी अजून विसरलेलो नाही.