फायनल इयर प्रोजेक्ट घेताना

भावा, होम ऑटोमेशन सोड, दरवर्षी तेच येतंय, एक्स्टर्नल परीक्षक पण कंटाळलेत. सोलापुरात यंत्रमाग आहेत की! मोटर कमी लोडवर पळली की पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामाला येते तो आकडा) पडतो, तोच मोजायचा न् तो सुधारायला टप्प्याटप्प्यानं कपॅसिटर जोडायचे. ओळखीच्या कारखानदाराला विचार, फक्त शिफ्टच्या मध्ये कडमडू नको. सीटीची, म्हणजे करंट मोजायच्या ट्रान्सफॉर्मरची, सेकंडरी (आउटपुटची वाइंडिंग) चालू लाईनवर कधीच उघडी ठेवायची नाही, तिच्यावर बर्डन रेझिस्टर (करंटचं मोजता येईल असं व्होल्टेज करणारा) आधी जोडायचा. रीडिंग घेणाऱ्या ईएसपी32 मायक्रोकंट्रोलरच्या पिनला 3.3 व्होल्टच्या वर चालत नाही, शिवाय सिग्नल एसी म्हणून मध्ये 1.65 व्होल्टचा बायस (सिग्नल तेवढा वर उचलणारं स्थिर व्होल्टेज) लागतो, तो नसला की अर्धीच वेव्ह दिसते न् पोरं कोडमध्ये चूक शोधत बसतात. आधी बल्बवर टेस्ट कर, फिलामेंटवाल्या हां, एलईडी नव्हे, पॉवर फॅक्टर जवळपास 1 आला तरच मोटरकडं जा. रिपोर्ट आत्तापासनंच लिही.