गाडीत इंग्रजीत, घरात गप्प

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ताई,

"रविवारी मराठी शाळेतून परतताना सातवीतला माझा मुलगा मागच्या सीटवरून एकदम इंग्रजीत म्हणाला की, मी गे आहे, सिग्नल हिरवा झालेलाही मला कळला नाही," असे तुम्ही लिहिले आहे. पुढे तुम्ही चार प्रश्न विचारले आहेत, पण माझे मन त्या ‘इंग्रजीत’वरच अडले. भूक, पोटदुखी, परीक्षेची भीती हे सारे जो तुम्हाला मराठीत सांगतो, त्याने एवढी मोठी गोष्ट इंग्रजीत का सांगितली? उत्तर तुमच्याच पत्रात आहे. गणपतीच्या जेवणात त्याच्या बाबांनी कुणाची तरी ‘बायल्या’ म्हणून नक्कल केली आणि सगळे हसले. शाळेत त्याला स्वतःसाठी साधा शब्द मिळाला. घरातल्या मराठीत मात्र हेटाळणीच मिळाली. रागावू नका, पण आपण बॅगेत गोडा मसाला आठवणीने भरतो आणि ‘समलिंगी’ हा शब्द तिकडेच ठेवून येतो. तो जेवणाच्या टेबलावर, आवाज न उतरवता उच्चारा. त्या दिवशी चुकलो, हे बाबांनीही मुलाला मराठीतच सांगावे. स्वतःला ओळखू लागलेल्या बारा वर्षांच्या मुलाने आपल्याच घरात अर्धे का वावरावे?

माझेही हेच चुकले होते. थोरल्याने सांगितले तेव्हा मी "बरं, जेवायला बस" म्हणाले आणि आपण फार समंजस वागलो, या समजुतीत दोन वर्षे विषयच काढला नाही. कॉलेजला निघताना तो म्हणाला, "आई, त्या दिवशी तू वरणावर दोनदा तूप वाढलंस, पण बोलली काहीच नाहीस."

आता उरलेले प्रश्न. ‘हे वयाचे खूळ आहे का?’ याचा निवाडा तुम्ही करू नका. तो आज जे सांगतो आहे, ते खरे माना. नणंदबाईंनी सुचवलेल्या ‘उपचारां’विषयी त्यांना एवढेच कळवा की अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि अल्पवयीन मुलांवर परवानाधारक समुपदेशकांनी असले प्रयोग करू नयेत, म्हणून तुमच्या न्यू जर्सीने २०१३ मध्ये कायदा केला. मराठी शाळा इतक्यात सोडवू नका. जूनमध्ये येणाऱ्या आजींना सांगायचे की नाही, हे मात्र त्यालाच ठरवू द्या. तुम्ही परस्पर फोनवर सांगून मोकळ्या होऊ नका.