आधी बाळसं, मग ऑपरेशन?

प्रश्न : माझी नात नऊ महिन्यांची आहे. पित्तनलिका बंद होती म्हणून तिसऱ्या महिन्यात पित्ताला आतड्यात वाट करून देणारं ‘कासाई’ ऑपरेशन (हे जपानी सर्जनचं नाव) झालं, पण कावीळ उतरली नाही. आता डॉक्टर यकृत प्रत्यारोपण सांगतात. माझा मुलगा तुकडा द्यायला तयार आहे. पण पोर जेमतेम सहा किलोची. जरा बाळसं धरू दे, मग बघू, असं मला वाटतं. चुकतंय का माझं? – एक आजी

उत्तर : आजी, ‘दहा किलो होऊ दे’ असं एकेकाळी आम्ही डॉक्टरही म्हणायचो. बाळाच्या मापाचं यकृत मिळायचं नाही. आता मोठ्या माणसाच्या यकृताचा डाव्या कडेचा भाग, साधारण पाव हिस्सा, काढून बाळाला बसवतात. १९८९ साली ब्रिस्बेनमध्ये आईचा तुकडा मुलाला असा पहिल्यांदा यशस्वीपणे बसवला गेला.

आणि ते सहा किलो तरी खरे आहेत का? आंघोळ घालताना तिचे दंड बघा. दंड काडीसारखे आणि पोट टम्म असेल, तर काट्यावर पोटातलं पाणीही मोजलं जातंय. म्हणून आम्ही टेप घेऊन दंडाचा घेर मोजतो. पित्त आतड्यात उतरत नाही, त्यामुळे स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. भरवलेलं अंगी लागत नाही. बाळसं धरायलाच नवं यकृत हवं आहे. तोवर नाकातल्या नळीने दूध द्या म्हणाले, तर अडवू नका. (नळी बघून बाळापेक्षा घरचेच जास्त रडतात.) गोवर-कांजिण्यांच्या लसींचंही आताच विचारा, त्या ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी व्हाव्या लागतात, नंतर सहसा देत नाहीत.

१९६३ साली डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं, ते याच आजाराच्या तीन वर्षांच्या मुलावर. रक्तस्राव थांबेना, मूल टेबलावरच गेलं. आज अनुभवी केंद्रांत शंभरातली नव्वदच्या वर मुलं वर्ष पार करतात आणि पुढे शाळेत जातात, खेळतात. शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून द्यायचं औषध, टॅक्रोलिमस, मात्र दर बारा तासांनी, घड्याळ लावून. मला धास्ती असते ती पंधराव्या वर्षाची. मित्रांसमोर गोळी नको वाटते, चार डोस चुकतात आणि शरीर यकृत नाकारू लागतं.

तुमच्या मुलाचं यकृत काही आठवड्यांत बरंचसं भरून येईल. तरी ऑपरेशन त्याच्यासाठीही मोठंच. सून बाळापाशी अडकलेली असेल. त्याच्या उशाशी कोण बसणार, हे आधी ठरवा. मला वाटतं, तुम्हीच.