सगळ्यांसाठी म्हणजे नक्की कुणासाठी?

प्रिय,

तुझा मेल दोनदा वाचला. मराठी रॅप आणि मेटल संगीतावरच्या तुझ्या त्रैमासिकात पैसे घालणारे गृहस्थ म्हणतात, थोडा सिनेमा घाल, थोडी फॅशन घाल, अंक फुकट वाट, रीच वाढेल, म्हणजे जास्त लोकांपर्यंत पोचेल. आणि तू मला विचारतेस, काय करू. अगं, तुझा वाचक कोण, ते आधी सांग!

मी फोर्टच्या फुटपाथवर शिकलो. लंडनची संगीत साप्ताहिकं तिथे महिनोन् महिने शिळी होऊन यायची, बोटांना शाई लागायची. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' 1952 साली निघालं आणि त्याच नोव्हेंबरात त्यांनी ब्रिटनमधली खपावर बेतलेली गाण्यांची पहिली क्रमवारी छापली. पद्धत काय, तर रेकॉर्डच्या दुकानांना फोन करून कुठल्या तबकड्या सगळ्यात जास्त गेल्या ते विचारायचं. 1964 मध्ये, बीटल्सच्या लाटेत, खप 3 लाखांवर गेला. 1972 च्या सुमारास गाशा गुंडाळायची पाळी आली, तेव्हा त्यांनी सिनेमा-फॅशन नाही घातली. प्रस्थापितांना न जुमानणाऱ्या 'अंडरग्राउंड' नियतकालिकांतली चार्ल्स शार मरे, निक केंट अशी लांब केसांची, उद्धट पोरं आणून बसवली. अंक तरला, कारण वाचक बदललाय हे त्यांना कळलं होतं.

आता पुढचं वाच. सप्टेंबर 2015 मध्ये तेच साप्ताहिक फुकट झालं. पहिल्या फुकट अंकावर पॉप गायिका रिहाना. पुन्हा 3 लाख प्रती, पण स्टेशनांवर येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात दिलेल्या. मार्च 2018 मध्ये छपाई थांबली. तुझ्या गृहस्थांना हा आकडा दाखव. रीच होता की!

'मेलडी मेकर'चंही तेच. 1926 साली निघालं ते वादकांसाठी. शेवटी गुळगुळीत कागदावर, तरुण दिसण्याच्या खटपटीत, डिसेंबर 2000 मध्ये संपलं. उलट 'केरँग!' हे नावच गिटारच्या दणक्याचं. 1981 मध्ये 'साउंड्स' या संगीत साप्ताहिकाची पुरवणी म्हणून जन्मलं, 1991 मध्ये 'साउंड्स' गेलं, तरी हे राहिलं. मेटलवाल्यांसाठी होतं, बाकीच्यांनी नाकं मुरडली तरी.

पॉप गाण्यांचं 'स्मॅश हिट्स' मात्र माझ्या विरोधात जातं. शाळकरी पोरं हाच आपला वाचक, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 80 च्या दशकाअखेर एकेक अंक 10 लाखांपर्यंत गेला, तरी 2006 मध्ये बंद. पोरं टीव्ही आणि फोनकडे गेली. बरं, मान्य. वाचक ओळखूनही मरता येतं. पण न ओळखता जगता येत नाही, यावर मी अडून बसणार.

का, ते सांगतो. 90 च्या दशकात मी एका साप्ताहिकाचं संगीताचं पान बघायचो. तळाशी दोन-दोन ओळींच्या जाहिराती असत: ड्रमर पाहिजे, बेस विकणे आहे. एका चित्रपटाच्या अर्ध्या पानाच्या जाहिरातीसाठी मी तो रकाना काढला. चार जणांचे पगार अडले होते, तू असतीस तर तूही काढला असतास. निदान मी स्वतःला हेच सांगत आलो. महिन्याभरात पत्रं आटली. गायक एल्टन जॉन आणि त्याचा गीतकार बर्नी टॉपिन 1967 मध्ये एकमेकांना सापडले ते अशाच एका जाहिरातीमुळे, 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'मधल्या. मला हे तेव्हाही माहीत होतं, हेच जास्त टोचतं.

तेव्हा रविवारी अंकाची डमी, म्हणजे कच्चा नमुना, घेऊन ये. सोबत वीस नावं आण, तुझा अंक पदरचे पैसे मोजून घेतील अशा पोरांची. मित्रमैत्रिणी त्यात धरू नकोस. आणि शेवटचं अर्धं पान कोरं ठेव, ड्रमर हवे असणाऱ्यांसाठी.

तुझा,
काका